कोनशिला कोणाच्या घराची?

बायबलात स्तोत्रसंहिता नावाचे एक पुस्तक आहे. दीडशे गाणी आहेत त्यात. रडगाणी आहेत, लढाईची आहेत, शिव्याशाप आहेत, देवाची स्तुती करणारी आहेत तशी देवाला जाब विचारणारीही आहेत. त्यातल्या एकशे अठराव्या गाण्यातली बाविसावी ओळ सध्या आपल्या सभांतून फिरू लागली आहे. ओळीचा मतलब एवढाच की घर बांधणाऱ्यांनी जो धोंडा बिनकामाचा म्हणून बाजूला टाकला, तोच पुढे कोपऱ्यातला मुख्य धोंडा होऊन बसला.

अल्लीपूरला एका जयंतीच्या सभेत बाहेरगावच्या वक्त्याने ही ओळ बाबासाहेबांना लावली. या देशाच्या बांधणाऱ्यांनी नाकारलेला धोंडा म्हणजे बाबासाहेब, आणि तोच संविधानाची कोनशिला झाला. टाळ्या काही थांबेनात. बोलणारा माणूस तळमळीचा होता, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण टाळी पडली म्हणजे अर्थ लागला असे होत नाही. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या पोरांनी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि दोन तट पडले. एक म्हणे, ही आपल्याच जिंदगीची ओळ आहे. दुसरा म्हणे, मिशनऱ्याचा माल आपल्या फळ्यावर कायले? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने देवाचे गाणे काहून म्हणायचे?

दुसऱ्या तटाला माझे उत्तर थोडक्यात आहे. गाणे म्हणायचे नाही, वाचायचे आहे. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली ती न वाचता जाळली नव्हती. आणि जी ओळ आपल्याच तोंडात येऊन बसली आहे ती चावून पाहिल्याशिवाय गिळणे बरे नाही. माझे भांडण खरे म्हणजे पहिल्या तटाशी आहे. ही ओळ आपली आहे असे ते म्हणतात, आणि ती अर्धीच आपली आहे.

आधी शब्द पाहू. मूळ गाणे हिब्रूतले. तिथे शब्द आहेत 'रोश पिन्ना', म्हणजे कोपऱ्याचे डोके. आता डोके कुठे असते? वर. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हा पायातला दगड नव्हेच. भिंती वर आल्यावर सगळ्यांत शेवटी माथ्यावर बसवतात तो हा. दुसरे म्हणतात, डोके म्हणजे मुख्य, पहिला. पायाच्या कोपऱ्यात बसवायचा. हे भांडण मिटलेले नाही. मराठी बायबलाने 'कोनशिला' हा शब्द घेऊन पायाच्या बाजूने कौल दिला आहे. शब्द तसा चांगला. 'कोन' हा शब्दच मुळात ग्रीकांकडून आपल्याकडे आला असे भाषेचे जाणकार म्हणतात, आणि या ओळीच्या ग्रीक भाषांतरात तोच 'गोनिया' बसलेला आहे. पण आज मराठीत कोनशिला म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? संगमरवरी पाटी. मंत्र्याचे नाव, सभापतीचे नाव, तारीख, खाली बारीक अक्षरात ठेकेदार. ज्याने दगड वाहिला त्याचे नाव मी तरी कुठल्या कोनशिलेवर वाचलेले नाही.

आता गाणे कोणाचे ते पाहा, कारण ओळ गाण्यातून उपटून काढली की कोणाच्याही दाराला लागते. एकशे तेरा ते एकशे अठरा ही सहा गाणी यहुदी लोक वल्हांडणाच्या सणाला म्हणत आले. वल्हांडण म्हणजे मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. हे लोक तिथे काय करीत होते? फारो राजाच्या मुकादमांच्या चाबकाखाली विटा पाडीत होते. म्हणजे या गाण्यात 'बांधणारे' हा शब्द येतो तेव्हा तो ज्यांच्या पाठीवर दुसऱ्याच्या बांधकामाचे वळ होते अशांच्या तोंडून येतो. त्यांच्या लेखी धोंडा म्हणजे ते स्वतः, बलाढ्य राज्यांच्या मधे चेंगरलेला एक छोटा समाज. पुढे त्यांच्यातल्या पंडितांनी हा धोंडा दावीदाला लावला. राजा निवडायला शमुवेल घरी आला तेव्हा बापाने सगळे पोर उभे केले आणि धाकट्याला मेंढरांमागेच राहू दिले, तो दावीद.

आणखी एक गोष्ट. यहुदी परंपरेत 'बांधणारे' हा शब्द शास्त्र शिकलेल्या विद्वानांसाठीही वापरला गेला आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. धोंडा नाकारणारा माणूस अडाणी गवंडी नाही. त्याच्या हातात शास्त्राचा ओळंबा आहे. येशूने तरी ही ओळ कोणाला ऐकवली? यरुशलेमच्या देवळात, मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना, तोंडावर. मार्क, मत्तय, लूक तिघेही हे सांगतात. म्हणजे पाहा, जी ओळ एका काळी परक्या साम्राज्यांविरुद्ध गायली गेली, तीच त्याच समाजातल्या एका सुताराच्या पोराने स्वतःच्या समाजाच्या बांधणाऱ्यांवर उलटवली. ओळ हात बदलते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

या ओळीच्या आधी दोन-तीन ओळींवर एक माणूस दारापाशी उभा राहून न्यायाचे दार उघडा म्हणतो आहे. देवळाच्या दारातले गाणे आहे हे! आणि उत्तर येते की नीतीने वागणारे या दारातून आत येतील. जन्म विचारलेला नाही. (पुढच्या काळात त्याच यरुशलेमच्या देवळात परक्या माणसाने अमुक कठड्याच्या आत पाय टाकला तर जीव जाईल अशा पाट्या दगडात कोरून लावल्या होत्या. तेव्हा गाण्यातले दार आणि खरे दार यांत फरक असतो, तिथेही होता.)

दार म्हटले की आपल्याला पंढरपूर आठवते. तिथल्या महाद्वारात दोन दगड आहेत. एक नामदेवाची पायरी, जिच्यावरून लोक आत जातात. दुसरी चोखोबाची समाधी, पायरीच्या समोर, देवळाबाहेर. चोखोबा मेला कसा? परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरचे महार तिच्याखाली गाडले गेले. ज्या कुसाबाहेर त्याची वस्ती, तेच कुसू बांधताना तो मेला. मग त्याची हाडे दारापर्यंत आली आणि दाराशीच थांबली. माणूस गेला, भिंती तशाच पडत राहिल्या. २०१९ च्या डिसेंबरात तामिळनाडूतल्या मेट्टुपालयमजवळ नडूर गावी एका बंगल्याची उंच भिंत शेजारच्या दलितांच्या घरांवर कोसळून १७ माणसे मेली. ही जातीचीच भिंत आहे असे तिथले लोक म्हणत होते.

पण चोखोबा मला इथे दुसऱ्या कारणासाठी हवा आहे. आपण नाकारलेले का, या प्रश्नाचे उत्तर त्याने मागच्या जन्मीच्या कर्मात शोधले. सोयराबाईने विटाळ आला कुठून हे विचारले, पोरगा कर्ममेळा बापापेक्षा तिखट बोलला, हे खरे. तरी घरातला मोठा सूर असा की दोष धोंड्याचा. धोंड्याने कुठल्या तरी जन्मात काहीतरी केले असणार. किसन फागूजी बनसोड्यांसारख्या मोठ्या माणसाने १९३१ मध्ये नागपुरातून 'चोखामेळा' नावाचे पत्र काढले, आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या नावात आधार शोधला. बाबासाहेबांनीही १९४८ चे आपले अस्पृश्यांवरचे पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला वाहिले त्यांत चोखोबा आहे. त्या माणसाविषयी अनादर मनात नाही. पण त्याचे उत्तर आपण मागे टाकले, आणि टाकलेच पाहिजे होते.

आता स्तोत्रातली ओळ याच्या शेजारी ठेवा. तिच्यात कर्म नाही. मागचा जन्म नाही. धोंडा वाईट होता असे कुठे म्हटलेलेच नाही. म्हटले आहे ते इतकेच की बांधणाऱ्यांनी नाकारला. नाकारणे हे क्रियापद आहे आणि त्याला कर्ता आहे. कोणीतरी उभा राहिला, त्याने पाहिले, हा नको म्हणाला, उचलून फेकला. आपल्या गावगाड्यात सगळी क्रियापदे बिनकर्त्याची असतात. विटाळ होतो. जात लागते. वाळीत पडते. कोण करतो ते वाक्यात येतच नाही. या ओळीचा पहिला अर्धा भाग हा कर्ता पकडून आणतो आणि पुढे उभा करतो. एवढ्यासाठी ही ओळ फळ्यावर राहू द्या.

दुसरा अर्धा भाग मात्र मला पचत नाही.

कोपऱ्यातला धोंडा म्हणजे नक्की काय, हे मी मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. जिंदगी दुसऱ्यांची घरे बांधण्यात गेली. ते म्हणाले, "बाबू, आधी कोपरे उभे करा लागते. कोपरा गुण्यात आला का मंग दोरी ताना लागते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापावतर. बाकीचे गोटे दोरीले लागून बसतेत. कोपरा चुकला का सारी भित चुकली." म्हटले, आणि बाद केलेल्या गोट्याचे काय होते? "बाद होऊन जाते कुठं? भरतीत घालतेत. दोन्ही अंगानं तासलेले गोटे, न मधात सारे आडवेतिडवे. ते नसन तं भित पोकळ. दिसत नाईत, पन असतेत." मग पायातल्या कोपऱ्याचे विचारले. म्हातारा हसला. "पायातल्या गोट्याले घर दिसत नाई बाबू. साऱ्याइचा भार घेते, न वर काय चाल्लं त्याले पत्ता नाई." आणि गोटे निवडते कोण? "पैसेवाला न मिस्त्री. वाहनारीले कोन इचारते?"

या चार वाक्यांत जे आहे ते मला कुठल्या टीकाग्रंथात मिळाले नाही. ओळ म्हणते की नाकारलेला धोंडा घरात आला. मामाजी म्हणतात की तो घरात होताच. भरतीत होता, पायात होता, त्याच्याशिवाय भिंत उभी राहिली नसती. फक्त दिसत नव्हता. मग गावकुसाबाहेरचा महार, मांग गावाच्या बाहेर होता असे म्हणणे अर्धे खोटे आहे. वस्ती बाहेर होती, मेहनत आत होती. मेलेले ढोर ओढणारा, सांगावा नेणारा, वेशीवर राखण करणारा, सरण फोडणारा, हा माणूस गावाचा पायाच होता. पायात असणे हीच जर मुक्ती असेल तर आपण हजार वर्षे मुक्तच होतो म्हणायचे!

आणि पायात असणे ही आपल्याकडे नुसती उपमा नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या अमेरिकन मिशनच्या पत्रात मांग समाजातल्या एका शाळकरी पोरीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. मांग-महारांच्या दुःखावरचा तो निबंध ज्याने वाचला नाही त्याने आधी तो वाचावा, मग माझा हा कागद. त्यात ती सांगते की आम्हाला आमच्या जमिनीवरून हाकलून यांनी मोठमोठ्या इमारती उठवल्या, आणि त्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरायचा क्रम चालवला. आता सांगा, या पोरीला जर कोणी म्हटले असते की बाई, काळजी करू नको, नाकारलेला धोंडा एक दिवस पायाचा मुख्य धोंडा होतो, तर तिने काय ऐकले असते? तिच्या कानाला ते वचन लागले नसते, धमकी लागली असती. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. खड्डा खोल असतो. त्यात काय काय गेले हे वरच्या मजल्यावरून दिसत नाही.

मजला म्हटला तर 'मूकनायक' काढा. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मायचे त्याच मजल्यावर मरायचे. या मनोऱ्यात 'रोश पिन्ना' कुठे बसवणार? पायात बसवा, तर आपण तिथेच आहोत. माथ्यावर बसवा, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेच्या पंडितांचे ऐकले, तर आपला एक माणूस उचलून शिखरावर ठेवतील, खालून लोक बोट दाखवतील की बघा, काय राहिले आता जातीचे? आणि मधले मजले जसेच्या तसे. हिब्रूचे भांडण पंडितांनी मिटवले काय, न मिटवले काय, आपल्याला दोन्हीकडून तोटाच. कारण ही ओळ घराविषयी काही विचारत नाही. घर कोणाचे, नकाशा कोणाचा, शिडी आहे का, हा प्रश्न तिला पडत नाही. धोंड्याची जागा बदलते, घर तेच राहते.

साहित्यातही हेच चालले आहे, म्हणून चार शब्द. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, 'बलुतं' १९७८ मध्ये. आधी बांधणारे म्हणाले, हे साहित्यच नव्हे. मग म्हणाले, यामुळे मराठी साहित्य समृद्ध झाले. अभ्यासक्रमात लागले, चर्चासत्रे झाली. पहिले बोलणे शिवी होते आणि दुसरे कौतुक, पण घर दोन्ही वेळा त्यांचेच. समृद्ध कोण झाले? त्यांचे दालन. 'अस्मितादर्श'सारखी आपली पत्रे निघाली ती काही त्यांच्या दालनात खुर्ची मिळावी म्हणून नाही.

आता वक्त्याच्या मूळ बोलण्याकडे येतो. बाबासाहेब कोनशिला झाले काय? ओळीचा पहिला भाग त्यांना चपखल लागतो. १९४६ मध्ये घटना समितीत त्यांना मुंबईतून जाता आले नाही, बंगालातून जावे लागले. नंतर त्याच बांधणाऱ्यांना गरज पडली आणि २९ ऑगस्ट १९४७ ला ते मसुदा समितीत आले, अध्यक्ष झाले. इथपर्यंत गाणे बरोबर. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि वक्ता इथेच थांबला. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या पायी त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ मध्ये मुंबईत पडले. १९५४ मध्ये आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले. कोनशिला होऊन बसलेला धोंडा पुन्हा उचलून फेकला, दोनदा. असे पुढे होते हे त्या गाण्यात नाही.

आणि खुद्द धोंडा काय म्हणाला? १९५५ मध्ये राज्यसभेत त्यांना विचारले की संविधान जाळायला मी पहिला पुढे होईन असे तुम्ही म्हणालात ते का? तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की आम्ही देऊळ बांधले ते देवाने येऊन राहावे म्हणून. देव बसायच्या आधीच सैतानाने त्याचा ताबा घेतला तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करायचे? ज्याच्या नावाने आपण कोनशिला म्हणून टाळ्या वाजवतो तो माणूस इमारतीशी असा बोलतो आहे. त्याने स्वतःला दगड समजलेच नाही. तो बांधणारा होता, आणि बांधलेले चुकले तर पाडायचा हक्क त्याने हातात ठेवला होता. वक्त्याची उपमा बाबासाहेबांना मोठे करीत नाही, लहान करते. दगडाला कोणीतरी उचलून बसवावे लागते. स्तोत्रातही लगेच पुढची ओळ सांगते की हे देवाने केले आणि आम्हाला नवल वाटले. बाबासाहेबांना कोणी बसवले नाही. संविधानातल्या हक्कांमागे महाडचे तळे आहे, काळारामाच्या दाराशी १९३० ते १९३५ खाल्लेला मार आहे. नवल कसले त्यात?

आणि काळाराम झाल्यावर त्यांनी दार ठोठावणे सोडले. १९३५ मध्ये येवल्याला सांगितले की या घरात मरणार नाही. दार उघडणारे त्या वेळी नव्हते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायणाचे देऊळ अस्पृश्यांना खुले केले. त्या काळी ते धाडस होते, सनातन्यांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, हे मान्य करू. पण किल्ली कोणाच्या कमरेला होती तेही पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे झाले ते किल्ली मागणे नव्हते. तिथे आज जो स्तूप आहे, २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. घुमट आहे, गोल. त्याला कोपराच नाही, तर कोनशिला कुठली? (अर्थात गोल इमारतीतही खालचे दगड खालीच असतात. उपमेने फार हुरळू नये, मी पण.)

इथपर्यंत वाचून मिशनरी म्हणून नाक मुरडणाऱ्या दोस्तांना बरे वाटले असेल. त्यांच्यासाठी हा पुढचा भाग.

हीच ओळ आपल्या ख्रिस्ती झालेल्या भावांनी फार वेगळ्या कानांनी ऐकली आहे. नगरकडच्या खेड्यांतले महार-मांग मिशनकडे गेले तेव्हा, ज्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नव्हते त्याला कोणीतरी प्रथम सांगितले की तुला नाकारले ते माणसांनी, देवाने नाही. ते ऐकून त्याची मान वर झाली असेल तर त्याला हसायचा अधिकार मला नाही. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती पंडिताने बंगळूरच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात उभे राहून चर्चलाच विचारले की तुमच्यातले बहुसंख्य लोक दलित, मग तुमचे धर्मशास्त्र ब्राह्मणी कसे? दलित धर्मशास्त्र म्हणून आज जे ओळखले जाते त्याची सुरुवात तिथे धरतात. हा आपलाच माणूस म्हटला पाहिजे.

चर्च सुटले असे मात्र म्हणत नाही. नाकारलेल्या धोंड्यावर आपले घर उभे आहे असे दर रविवारी सांगणाऱ्यांनी धोंडे नाकारणे थांबवले नाही. तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली होती. मेल्यावरही भरतीत. बाबासाहेबांनी १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना त्यांना बरेच ऐकवले: बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयी आपल्या मनात आदर आहे, पण तुम्ही लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उठत नाही.

आणि सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरवले की हिंदूच तेवढा अनुसूचित जातीचा. १९५६ मध्ये शीख आत घेतले. बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले. दीक्षा घेऊन चौतीस वर्षे आपला धोंडा कुठे पडला होता ते आठवा. धर्म बदलला तर जात गेली, असे तेव्हा आपल्याला तोंडावर सांगत होते, आणि गावात पाणी मात्र वरूनच वाढत होते. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून त्या यादीबाहेर आहेत. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग यासाठी नेमला. त्या वेळी आपल्यातले काही जण म्हणाले की ते आत आले तर आपला वाटा कमी होईल. हे बोलणे मी अल्लीपुरात ऐकले, हिंगणघाटात ऐकले. बोलणारे जयभीम म्हणूनच बोलतात. वाट्याची भीती खोटी नाही, वाटा वाढवून मागता येतो, त्यासाठी लढता येते. पण धोंडा धोंड्याला नको म्हणतो तेव्हा ओळंबा कोणाच्या हातात गेला?

म्हणून वर म्हटले की ओळ हात बदलते. ती काल त्यांच्याविरुद्ध होती, उद्या आपल्याविरुद्ध वाचली जाईल, आणि वाचली जावी. गावोगाव आपले विहार उठत आहेत, चांगली गोष्ट आहे. त्यांच्या बांधकाम समित्यांची नावे एकदा मोठ्याने वाचा. मांगवाड्यातले किती? मुक्ता साळवे आपण भाषणात घेतो, तिच्या वाड्यातला पोरगा मंडळात घेतो काय? पिढ्यान् पिढ्या दगडच फोडत आलेला वडार या सगळ्या बोलण्यात कुठे आहे? तो तर अक्षरशः धोंड्याचा माणूस, आणि धोंड्यावर एवढे लिहिताना मलाही तो इतक्या उशिरा आठवावा!

तालुक्यातल्या एका विहाराच्या दाराशी संगमरवरी पाटी आहे. अकरा नावे, सगळी पुरुषांची. मामाजींनी ते काम फुकट केले होते, त्यांचे नाव नवव्या ओळीत आहे. मामीने दोन उन्हाळे त्याच कामावर घमेल्याने गोटे वाहिले. पाटीवर मामीचे नाव काहून नाही, असे मी मामाजींना विचारले. ते म्हणाले, "तिचं नाव कायले पायजे बाबू? ते तं तिचं कामच होतं." मामी चुलीपाशी होती. ऐकत होती, भाकर थापत होती. तिला विचारायचे अजून राहिले आहे.